नवऱ्याच्या नावाचा रकाना

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

तीन दिवस तू फोन उचलला नाहीस आणि काल मी तुझ्या दारात उभी असताना आतून कडी घातलीस. बरं. कागदाला कडी घालता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. हे फाडलंस तर दुसरं लिहीन. माझ्या बोटांना सवय आहे, बावीस वर्षं नर्स म्हणून नोंदवह्याच भरत आलेय.

मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकते. सोमवारी आमच्या कुटुंब नियोजन केंद्रातली नवी कार्यकर्ती तुझ्या घरी आली. आम्ही तिला नियमबाई म्हणतो, कारण शिंक आली तरी ती आधी परिपत्रक बघेल. तिने तुझ्या स्वयंपाकघरात बसून, तुझ्या सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई समोर असताना, हातातली यादी वाचली. म्हणे, अकरा जानेवारीला तुम्ही केंद्रातून तातडीची गोळी नेलीत, तीन आठवडे झाले, पाळी आली का? तुझा नवरा बोटीवर गेला त्याला सात महिने झालेत. सासूबाईंना ते बोटांवर मोजायचीही गरज पडली नसेल. आणि तू काय म्हणालीस? "हो, नेली होती. आली पाळी. लिहून घ्या."

अगं, कशासाठी? तू कुठली गोळी नेलीस? आमच्या केंद्राची पायरी तरी चढलीस का तू गेल्या दहा वर्षांत? "नाही" एवढाच शब्द म्हणायचा होता. "चुकीच्या घरी आलात बाई" म्हणायचं आणि तिला वाटेला लावायचं. पुढचं मी निस्तरलं असतं. आमच्याकडे नावांचा घोळ होतो, पत्ते चुकतात, महिन्याला दोन तरी अशा भानगडी असतात. मी ट्रेनिंगहून मंगळवारी परत आले आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता तुझ्या सासूबाईंकडे गेले. सांगितलं, कारकुनी चूक आहे. त्यांनी मला पायरीवरच उभं ठेवलं. म्हणाल्या, "चूक कसली? ती स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली."

आता ऐकते ते असं, की तुझा बिछाना बाहेरच्या खोलीत गेलाय. जाऊबाई तुझ्याशी बोलत नाहीत. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका निम्म्याने कमी झाल्या. तुझ्या थोरल्या दिरांच्या औषधाच्या दुकानात जो येतो त्याला गोळीबरोबर तुझी गोष्टही मिळते. आणि नवऱ्याला कळवून झालंय, तो एक मार्चला येतोय. तुझं घर राहतं की जातं ते त्या दिवशी ठरणार, आणि तू मूग गिळून बसली आहेस. लहानपणी मार खातानाही तू अशीच गप्प बसायचीस आणि मला तेव्हाही तुझा असाच संताप यायचा.

मला उत्तर हवंय. फोन नको असेल तर चिठ्ठी टाक.

ताई


११ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

माझंच पत्र माझ्याकडे परत पाठवलंस, पाठीमागे एक ओळ लिहून. तीही नियमबाईच्या हातून. तिने ती वाचली असणार, कारण तिचे कान लाल झाले होते. "माझं नाव कुणी लिहिलं?"

मी लिहिलं.

झालं समाधान? आता बाकीचंही ऐक, आणि मला लगेच खलनायिका करू नकोस. अकरा जानेवारीच्या शनिवारी दुपारी साडेबाराला एक मुलगी केंद्रात आली. लग्न झालेलं नाही. आदल्या रात्री निरोध फाटला होता. ती घाबरली होती, पण मूर्ख नव्हती. सगळं वाचून आली होती, किती तासांत घ्यायची, काय त्रास होतो, सगळं. औषधाच्या दुकानात जाण्याची तिची सोय नव्हती, का ते सोड. कपाटात पंचवीस पाकिटं पडून होती आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

आता आमच्याकडची पद्धत सांगते, म्हणजे तुला कळेल की मी कुठे अडकले. सरकारी कागदात कुठेही लिहिलेलं नाही की ही गोळी फक्त लग्न झालेल्या बाईला द्यायची. कुठेही नाही. पण आमच्या डॉक्टरबाईंनी वही आखून घेतली तेव्हा एक रकाना स्वतःच्या मनाने वाढवला, नवऱ्याचं नाव. तो मोकळा राहिला तर त्या सही करत नाहीत, सही नसली तर महिनाअखेरीला पाकिटांचा मेळ बसत नाही, आणि मेळ बसला नाही की मोठ्या सिस्टरला, म्हणजे मला, मेमो. मी एकदा विचारलं होतं, बिनलग्नाच्या मुलींनी कुठे जायचं? तर म्हणाल्या, "सिस्टर, कुटुंबच नाही तर नियोजन कसलं?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. सगळे हसले. मीही हसले, तेही सांगून टाकते.

वर लोकांचं अज्ञान. तुझ्या जाऊबाई गावभर सांगतात की तू पोट पाडलंस. जाऊन सांग त्यांना, ही गोळी पोट पाडत नाही. ती गर्भ राहण्याआधीच अडवते, राहिला असेल तर त्याला काही करत नाही. म्हणून तर घाई. तीन दिवसांत घ्यायची, आणि तिसऱ्या दिवसापेक्षा पहिल्या दिवशी बरी. आणि गोळी देऊन माझं काम संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं. बाई समोर आलेलीच असते, तर तिच्याशी बोलायचं, रोजच्या गोळ्या हव्यात का, तांबी बसवायची का, पुन्हा अशी धावपळ नको. पण बोलायचं कुणाशी? जिला गरज ती दारातूनच परत जाते आणि वहीत नावं असतात ती तीन मुलांच्या आयांची.

तर पेन हातात, मुलगी समोर, एक वाजता डॉक्टरबाई सह्या करायला येणार. मला एका लग्न झालेल्या बाईचं नाव, वय, पत्ता, नवऱ्याचं नाव हवं होतं, पटकन, खाडाखोड न करता. जगात एकाच बाईचं हे सगळं मला तोंडपाठ आहे. माझं स्वतःचं लिहून चाललं नसतं, चोपन्न वर्षांच्या विधवेला ही गोळी कोण देणार? तुझा नवरा बोटीवर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईशप्पथ नाही आलं. तीन आठवड्यांनी घरी जाऊन पाळीची चौकशी करायची असते, ती मी अशा वेळी टेबलावर बसूनच लिहून टाकते, "आली". पण त्याच आठवड्यात मला ट्रेनिंगला धाडलं आणि यादी नियमबाईच्या हातात पडली.

मी चुकले. पण मी फक्त वहीत चुकले. तू चारचौघांत हो म्हणून ती चूक खरी करून टाकलीस, त्याचं मला उत्तर दे. आणि ती मुलगी कोण ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

ताई


१७ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

काल ठकी हॉस्टेलवरून थेट माझ्याकडे आली. तुझी लेक तुझ्यावर गेलेली नाही, ती माझ्यावर गेली आहे. चप्पल काढायच्या आधी भांडायला लागली. म्हणाली, "मावशी, तुझ्यामुळे माझी आई बाहेरच्या खोलीत झोपते आणि तू पत्रं लिहीत बसली आहेस?" मी म्हटलं, तू गप्प बस, तुझ्या आईला काही कळता कामा नये. ती म्हणाली, "आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नियमबाई घरातून गेल्यावर तिने मला फोन केला होता. एवढंच विचारलं, आता पोटात दुखत नाही ना?"

म्हणजे तू तारखेवरून ओळखलंस. अकरा जानेवारी, शनिवार. ठकी न कळवता घरी आली, जेवलीसुद्धा नाही आणि मावशीकडे जाऊन येते म्हणाली. नियमबाईने यादी वाचली आणि तिचं वाक्य संपायच्या आत तुला कळलं, आणि सासू-जावेच्या समोर तू तिच्या वाटचं हो म्हणून मोकळी झालीस. आणि मी शहाणी, तुला दोन दोन पत्रांत पाढे वाचून दाखवते आहे की कशासाठी म्हणालीस, कशासाठी म्हणालीस.

मला तुझा अजून राग येतोय, पण आता तो कशाचा आहे ते मला धड सांगता येत नाही. मीच त्या दिवशी ठकीला बजावलं होतं, आईला सांगू नकोस, ती तुला फाडून खाईल. कुठून आणलं मी हे? तू तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस. मी तुला घाबरट समजत आले, कायम. माझ्या डोक्यात तू अजून ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, घरांचे नकाशे काढायला शिकणारी मुलगी आहेस.

तर आता तेही लिहिते. आपण दोघी एकवीस वर्षं त्याच्या कडेकडेने चालत आलोय. तूही अशीच शनिवारी आली होतीस. मला नोकरीला लागून वर्षच झालं होतं. गोळ्या नवीन आल्या होत्या, कपाटात होत्या, किल्ली तेव्हाही माझ्याकडेच होती. तू म्हणालीस, ताई, दे ना. आणि मी, तुझी सख्खी बहीण, टेबलाच्या मागे बसून तुला म्हटलं, नवऱ्याचं नाव काय लिहू? मला नोकरीची भीती होती. आणखी खरं सांगू, मला तुझी लाज वाटली होती. मी म्हटलं, सोमवारी डॉक्टर आल्यावर बघू. तू सोमवारी आली नाहीस. दीड महिन्याने घाईघाईत तुझं लग्न उरकलं आणि नकाशे माळ्यावर गेले. ठकी झाली, ती झाली हे मला आयुष्यात कधी वाईट वाटलेलं नाही, पण तुझं जे राहिलं ते माझ्यामुळे राहिलं. तू एका शब्दाने कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर मला बरं झालं असतं.

त्या शनिवारी ठकी त्याच टेबलासमोर उभी राहिली तेव्हा मी तिला परत पाठवू शकले नाही. मग मी शेण खाल्लं, आणि तेही तुझ्याच ताटात.

ताई


२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

आज पत्र थोडं सरळ लिहायचा प्रयत्न करते, कारण सहा दिवस उरलेत.

शुक्रवारी मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सांगितलं, ती नोंद खोटी आहे, मी केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "सिस्टर, पाकिटांचा मेळ बसतोय. बाई स्वतः हो म्हणाली आहे. तुमच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. तुम्ही हे मला सांगितलंच नाही असं समजा." मी म्हटलं, माझ्या बहिणीचं घर मोडतंय. तर म्हणाल्या, "घरगुती बाबींत केंद्राने पडू नये." नियमबाईला भर दुपारी लोकांच्या स्वयंपाकघरात पाठवून पाळीची चौकशी करायची ती बाब घरगुती नव्हती वाटतं. इतका संताप झाला की टेबलावरचा तो पेपरवेट उचलून भिरकावून द्यावासा वाटला. मी काही केलं नाही, दार जोरात लावलं फक्त.

ठकी म्हणते, मी बाबांना सगळं सांगते. मी तिला दोन दिवस थोपवून धरलंय. तिची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तुझा नवरा माणूस वाईट नाही, पण त्याचं रक्त तापलं की तो कुणाचं ऐकत नाही, आणि मागे थोरला भाऊ आणि आई हवा द्यायला बसलेलीच आहेत. एका फटक्यात तिचं कॉलेज बंद होईल.

म्हणून मी एक जबाब लिहिलाय, जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसला द्यायचा. त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात लिहिलंय की अकरा जानेवारीला मी एका अविवाहित मुलीला गोळी दिली, तिचं नाव सांगणार नाही, काय करायचं ते करा. वहीत मी माझ्या बहिणीचं नाव तिला न विचारता घातलं. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय, की माझी नोकरी जाईल या भीतीने मी बहिणीला आधीच पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हो म्हण, आणि ती माझ्या सांगण्यावरून हो म्हणाली. हे शेवटचं खोटं आहे. पण त्याने सगळं जमतं. तू सुटतेस, ठकीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि एक कजाग बहीण सगळ्यांना शिव्या घालायला मिळते. तुझ्या सासूबाईंना तर फार आवडेल, त्यांचं माझ्याबद्दलचं मत पहिल्यापासून तसंच आहे.

मला घरी बसवतील. बसवू देत. त्या वहीसमोर आणखी चार वर्षं बसायची माझी इच्छाही उरलेली नाही.

पण हा कागद मी अजून दिलेला नाही. टेबलाच्या खणात आहे. एकदा तुझं नाव मी तुला न विचारता लिहिलं, आता विचारतेय. देऊ का?

ताई


४ मार्च, मंगळवार

ताई,

तुझी चारही पत्रं मी वाचली. पहिलं तीनदा, कारण ते इतकं उद्धट होतं की मला खरंच वाटेना. सगळ्या जगाचा तुला राग येतो आणि तो काढायला तुला मी सापडते. आज माझा ऐक.

तू मला विचारलंस ते बरं केलंस. पण ठकी तुझ्या जबाबासाठी थांबली नाही आणि मी तिला थांबवलं नाही. ती वीस वर्षांची आहे. हे एक तारखेला आले. पुढच्या खोलीत सगळे बसले, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, जणू माझा निकाल लागायचा होता. ठकी माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, गोळी मी घेतली. आई माझ्यासाठी हो म्हणाली." तिने मान खाली घातली नाही.

तुला माहीत आहे हे काय म्हणाले? आधी त्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू नव्हतीस ना." आणि हसले. ताई, ते हसले. एक महिना मी त्या बाहेरच्या खोलीत झोपले. एका महिन्यात त्यांनी आईला सोळा वेळा फोन केला, भावाला केला. मला एकदाही केला नाही. एकदाही विचारलं नाही की खरं काय. आणि आता हसून म्हणतात, जा, चहा टाक.

मी चहा टाकायला उठले नाही. मग ते ठकीकडे वळले आणि पुढचं सगळं तू म्हणालीस तसंच झालं. कॉलेज बंद, त्या मुलाचं नाव सांग, त्याच्या आईबापांना बोलवा. सासूबाई म्हणाल्या, याच महिन्यात उरकून टाका, बोभाटा व्हायच्या आत. उरकून टाका हा शब्द मी एकवीस वर्षांपूर्वी ऐकला होता, तेव्हा माझ्याबद्दल. तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळी बसले नाही. काय काय बोलले ते तुला ठकी सांगेल, मला सगळं आठवत नाही. भाऊजींना म्हटलेलं आठवतं, की तुमच्या दुकानात ती गोळी बायकांना मागायला लाज वाटू नये इतकं केलं असतंत तरी पुरे होतं. जाऊबाई त्यावर तोंड फिरवून हसल्या असं मला वाटलं, पण नक्की सांगता येत नाही.

त्या शनिवारचं तू लिहिलंस. हो, मला राग होता. मुलीबद्दल कधीच नाही, तुझ्याबद्दल. गोळी दिली नाहीस याचा नव्हता. टेबलामागून तू मला नवऱ्याचं नाव विचारलंस, अनोळखी बाईला विचारावं तसं, त्याचा होता. आणि ठकीला तू सांगितलंस की आई तुला फाडून खाईल, त्याचा तर आज जास्त आहे. माझ्या मुलीला माझी भीती तू घातलीस. तिला माझ्याकडे पाठवायचं होतंस. मी तिचा हात धरून तुझ्याकडे घेऊन आले असते आणि ती वही डॉक्टरबाईंच्या डोळ्यांसमोर बंद केली असती.

तुझा जबाब ऑफिसात दे. ठकीचं नाव घालायचं नाही, घरात सांगितलं तेवढं पुरे, ऑफिसाला सांगायची तिला गरज नाही. आणि ते शेवटचं वाक्य काढून टाक. मी तुझ्या सांगण्यावरून हो म्हटलं नाही. मला कुणीही पढवलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनाने, कुणाला न विचारता केलं आणि तू तेही स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला निघालीस. नवी प्रत कर, मी वाचेन, मगच दे.

आम्ही दोघी शनिवारी सकाळी तुझ्याकडे राहायला येतोय. किती दिवस ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. हे म्हणाले की गेलीस तर परत येऊ नकोस, मी बरं म्हटलं. ठकीच्या परीक्षेला सहा आठवडे आहेत, तिला आतली खोली लागेल. माझी मशीन खिडकीपाशी ठेवायची आहे, तिथलं कपाट हलवून ठेव. पहिले काही दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही. मला जेवायला वाढू नकोस, माझं मी घेईन.

धाकटी